धावायची वेळ 'वाढली' आणि ॲबस्ट्रॅक्ट परत आलं: कॉन्फरन्सला पाठवण्याआधी या चुका टाळा

आपल्या फिल्डमधल्या लोकांचं एक आहे बघा, ग्राउंडवर सकाळी साडेपाचला हजर, पण ॲबस्ट्रॅक्ट (कॉन्फरन्सला पाठवायचा संशोधनाचा छोटा सारांश) मात्र शेवटच्या दिवशी रात्री अकराला. मी पुण्यात बरीच वर्षं फिजिकल एज्युकेशन शिकवतोय, माझी स्वतःची पहिली दोन ॲबस्ट्रॅक्ट परत आलेली आहेत आणि आता काही वर्षांपासून दुसऱ्यांची वाचायला येतात, म्हणजे मार खाल्लाय पण आणि दिलाय पण. यंदा शारीरिक शिक्षण आणि आरोग्याच्या कॉन्फरन्सला पाठवायचं ज्यांच्या डोक्यात आहे, एम.पी.एड.वाले, पीएचडीवाले, शाळेतले सर-मॅडम, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे डोक्यात फिट करा, की रिव्ह्यू करणाऱ्याला तुमचं ग्राउंड दिसत नाही. तुम्ही चिखलात कोन लावले, पोरांना फोन करकरून उठवलं, हेडमास्तरांची परवानगी काढायला चार चकरा मारल्या, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच्यासमोर अडीचशे-तीनशे शब्द असतात आणि मागे अजून वीस जणांची रांग असते. त्या शब्दांत जे नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही.

आणि एवढे मोजके शब्द असताना पहिल्या चार ओळी कशावर जातात? "आजच्या धावपळीच्या युगात मोबाईलमुळे मुले मैदानापासून दुरावली आहेत." अरे हे त्याला माहितीये, तो पण बापच आहे कुणाचा तरी. ही ओळ मी इतक्यांदा वाचलीय की आता डोळे आपोआप खालच्या परिच्छेदावर जातात. तिच्याऐवजी एका वाक्यात सांगा की नेमकं काय माहीत नव्हतं आणि तुम्ही काय बघितलं, बस. आणि डब्ल्यूएचओचा आकडा टाकायचाच असेल तर नीट टाका, २०२० च्या गाइडलाइनप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. १५० ते ३०० मिनिटांचं जे आहे ते मोठ्यांसाठी आणि आठवड्याला. शाळेच्या मुलांच्या अभ्यासात "रोज ३० मिनिटे" लिहिलेलं आलं की पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं.

आता सगळ्यात जास्त ॲबस्ट्रॅक्ट कशामुळे जातात ते. शेवटची ओळ: "निष्कर्षांवर सविस्तर चर्चा केली जाईल." म्हणजे काय, तर पोस्ट-टेस्ट (ट्रेनिंगनंतरची चाचणी) अजून व्हायचीय, किंवा झालीय पण एक्सेल शीट उघडायला वेळ मिळाला नाही, आणि डेडलाइन तर आजच आहे. पूर्ण झालेल्या संशोधनाच्या कॅटेगरीत हे वाक्य लिहिलंत तर बाकी कितीही भारी लिहा, काही उपयोग नाही. डेटा खरंच यायचा असेल तर बऱ्याच ठिकाणी चालू संशोधनाची वेगळी कॅटेगरी असते, तिथे टाका आणि सरळ सांगा की प्री-टेस्ट झालीय, पोस्ट-टेस्ट अमुक महिन्यात आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि डेटा असेल तर आकडा द्या. "लक्षणीय सुधारणा आढळली" हा आकडा नाही. समजा (हे मी उदाहरणासाठी बनवतोय हां) १३ ते १४ वयाच्या ४० मुली आहेत, ६०० मीटर धावणं आहे, तर असं लिहा: प्रयोग गटाची सरासरी वेळ १७८ सेकंदांवरून १६६ वर आली, नियंत्रित गटाची १७७ वरून १७४ वर. (प्रयोग गट म्हणजे ज्यांना ट्रेनिंग दिलं, नियंत्रित गट म्हणजे कंट्रोल ग्रुप, ज्यांना दिलं नाही.) एका ओळीत रिव्ह्यूवरला सगळं कळलं, दुसऱ्या गटातही थोडी सुधारणा झाली हे पण कळलं. ती होणारच, कारण वाढीच्या वयातली मुलं आहेत आणि तीच टेस्ट दुसऱ्यांदा देताना कुणीही जरा शहाणपणाने पळतं. म्हणूनच नुसतं प्रयोग गटाचं आधीचं आणि नंतरचं टी-टेस्टने (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची संख्याशास्त्रातली पद्धत) तपासून "कार्यक्रम परिणामकारक" म्हणणं चालत नाही, दोन गटांत झालेल्या बदलांची तुलना पाहिजे. ही चूक इतकी कॉमन आहे की गाइड लोकांकडूनही सुटते.

गंमत सांगतो. एका ॲबस्ट्रॅक्टमध्ये होतं, "५० मीटर धावण्याच्या वेळेत लक्षणीय वाढ झाली." वेळ वाढली म्हणजे पोरं हळू झाली की हो! बारा आठवडे ट्रेनिंग देऊन. त्या माणसाला अर्थातच कामगिरी सुधारली म्हणायचं होतं, पण मी फॉर्मवर काय लिहिणार? धावणं, शटल रन, रिॲक्शन टाइम, जिथे जिथे आकडा कमी होणं चांगलं तिथे ही वाक्यं दोनदा वाचा, दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलीत तर अजून बरं.

तसंच ते एसपीएसएसचं, म्हणजे संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं. स्क्रीनवर पी व्हॅल्यू (असा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) .००० दिसते म्हणून तशीच उतरवतात, पण पी शून्य कधी नसते, सॉफ्टवेअर तीनच घरं दाखवतं, तर ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. आणि हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली वेळ ८.३४७ सेकंद कशी काय येते हो? ॲथलेटिक्समध्ये हाताच्या आणि इलेक्ट्रॉनिक टायमिंगमधला फरक म्हणून छोट्या अंतराला ०.२४ सेकंद धरतात, एवढा आपल्या अंगठ्याचा हिशोब आहे. तुमच्या प्रयोगाचा सगळा परिणाम ०.१ सेकंदाचा असेल आणि प्री-टेस्टला घड्याळ तुमच्या हातात, पोस्ट-टेस्टला शिपाईमामांच्या हातात, तर ती सुधारणा पोरांची की मामांची?

कंट्रोल ग्रुप हा माझा खास आवडता विषय. "नियंत्रित गटाने कोणताही व्यायाम केला नाही" असं लिहिता, आणि प्रयोगाचा काळ असतो जुलै ते सप्टेंबर, आणि शहर असतं पुणं. अहो निम्मी पोरं संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाच्या सरावाला असतात! दोन-दोन तास ढोल कमरेला बांधून उभं राहणं हा व्यायाम नाही तर काय आहे. आमच्याच एका विद्यार्थ्याच्या डेटामध्ये कंट्रोल ग्रुपची स्नायूंची ताकद प्रयोग गटापेक्षा जास्त वाढली, आम्ही दोन दिवस आकडे उलटसुलट तपासत बसलो, शेवटी एका पोराने सांगितलं, "सर, आम्ही सहा जण पथकात आहोत." तर विचारा, नोंद ठेवा, आणि जे आहे ते लिहा. गणपतीच्या दिवसांत किती सेशन बुडाले, पावसामुळे किती दिवस हॉलमध्ये घेतलं, हे एका वाक्यात आलं तर रिव्ह्यूवरचा विश्वास वाढतो, कमी होत नाही.

'रँडम' शब्दही जपून. अ तुकडीचे रोल नंबर १ ते २० प्रयोग गट आणि २१ ते ४० नियंत्रित गट, याला रँडम म्हणत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या असतील तर चिठ्ठ्या टाकल्या असं लिहा, हाताशी होती ती तुकडी घेतली असेल तर तसं लिहा, शाळेत शेवटी तेच शक्य असतं आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं.

संमतीपत्राचं लोक शेवटी बघू म्हणतात आणि तिथेच अडकतात, कारण एथिक्स कमिटीची परवानगी मागच्या तारखेने मिळत नाही. अठराच्या आतली मुलं असली की पालकांची लेखी संमती तर हवीच, शिवाय मुलाची पण. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाला तोंडी होकार आणि १२ ते १८ ला लेखी. शाळेने परवानगी दिली म्हणजे पालकांनी दिली असं नाही होत. फॉर्मवर मंजुरीचा नंबर विचारतात, ती जागा मोकळी सोडलेली लगेच डोळ्यात भरते.

वर्कशॉपचं प्रपोजल पाठवणार असाल तर ते सगळं वेगळं गणित आहे, तिथे पी व्हॅल्यू कुणी विचारत नाही. येणाऱ्या शिक्षकाला एका तासात काय करता येईल, साहित्य काय लागेल, किती जण मावतील, हे सांगायचं. मल्लखांबाचं वर्कशॉप टाकलं आणि खांब कुठे पुरणार ते लिहिलंच नाही असं होऊ देऊ नका 😄

आता फॉर्म भरायची भानगड. नाव लपवून रिव्ह्यू असतो तिथे ॲबस्ट्रॅक्टमध्ये "आमच्या महाविद्यालयातील" म्हणत कॉलेजचं नाव लिहू नका, "पुण्यातील एक महाविद्यालय" एवढं पुरे. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये पण तुमचं नाव बसलेलं असतं, ते काढा. (एकदा फाइलच्या मालकाचं नाव एका सायबर कॅफेचं निघालं होतं, तेवढं चाललं असतं म्हणा.)

मराठीत पाठवत असाल तर जुन्या फॉन्टमधून कॉपी-पेस्ट अजिबात नको. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर पोर्टलवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा होतो, आधी युनिकोडमध्ये घ्या. आणि मर्यादा शब्दांची आहे की कॅरेक्टरची ते बघा, कारण युनिकोडमध्ये काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. 'शारीरिक' आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर सात मोजतो. दोन हजार कॅरेक्टरची मर्यादा मराठीत फार लवकर संपते आणि काही पोर्टल न सांगता शेपूट कापतात, म्हणजे नेमका निष्कर्षच गायब. इंग्रजीत पाठवायचं म्हणून भाषांतराच्या ॲपवर सोडलंत तर निदान खेळांची नावं तपासा, लंगडीचं 'लेम' झालेलं मी वाचलंय.

डेडलाइनच्या घड्याळाचं तर माझंच ऐका. जपानमधल्या एका कॉन्फरन्सची तारीख होती, मी रात्री जेवून निवांत दहाला बसलो, पोर्टल बंद. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांची मध्यरात्र आपल्याकडे साडेआठलाच झाली होती. उलट 'एनीव्हेअर ऑन अर्थ' (पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत मुदत) लिहिलं असेल तर १५ तारखेची डेडलाइन आपल्याकडे १६ च्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते, पण त्या भरवशावर राहू नका, सर्व्हर तेव्हाच बसतो. सबमिट झाल्यावर स्क्रीनशॉट घ्या, स्पॅम बघा, आणि ईमेल आयडी स्वतःचा द्या, कारण कोर्स संपला की कॉलेजचा आयडी बंद होतो आणि ॲक्सेप्टन्स त्याच्यावरच येऊन पडतं.

ॲक्सेप्टन्सवरून आठवलं, रात्री पाठवलं आणि सकाळी "अभिनंदन, आज फी भरा" असा मेल आला तर खूश होऊ नका. कुणी वाचलेलंच नाहीये ते. आणि "निवडक पेपर यूजीसी केअर जर्नलमध्ये" असं पत्रकावर अजूनही छापलेलं दिसलं तर आयोजकांना फोन करून विचारा, कारण केअर ही मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलंय. आपल्या पुण्याच्या विद्यापीठातच त्या यादीचं काम चालायचं, तरी आपल्याच लोकांना पत्ता नाही.

परत आलं तर शेरे दुसऱ्या दिवशी वाचा, त्याच दिवशी वाचलेत तर नुसता राग येतो. माझ्या दुसऱ्या परत आलेल्या ॲबस्ट्रॅक्टवर एकच ओळ होती, "सॅम्पल किती?" मी सगळं लिहिलं होतं, पोरं किती तेच लिहिलं नव्हतं.

आणि ओरल मागून पोस्टर मिळालं तर तोंड वाकडं करू नका, पोस्टरसमोर लोक थांबून खरे प्रश्न विचारतात. फक्त प्रिंटला द्यायच्या आधी बोर्ड उभा की आडवा ते मेल करून विचारा. मी हौसेने ए-झिरो आडवा छापून नेला, बोर्ड निघाला उभा, आणि दिवसभर माझ्या पोस्टरची एक बाजू शेजारच्या मॅडमच्या निष्कर्षांवर लटकत होती.