क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवताना: वेळ, वेग आणि वाटेतला हत्ती

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात फिरायला ना गाइड सक्तीचा, ना फोर-बाय-फोर. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि मातीचे रस्तेही साध्या सेडानला झेपतात. तरीही पहिल्या खेपेला बहुतेकांचं बिनसतं, आणि ते प्राण्यांमुळे नाही, वेळेच्या हिशेबामुळे. स्कुकुझा ते साटारा हे मुक्कामाचे दोन कॅम्प ९३ किलोमीटर अंतरावर आहेत. एरवी दीड तासाचा हा रस्ता इथे चार तास खातो.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर. पण ती कमाल. थांबत, बघत, मागे येत गेलात की सरासरी २० ते २५ च्या वर जात नाही. बेत आखताना सरळ २५ धरा आणि नाश्ता, जेवण, स्वच्छतागृहं यांचे दोन तास वेगळे काढा. दिवसाला १०० ते १२० किलोमीटर भरपूर झाले. २०० किलोमीटरचा बेत म्हणजे दिवसभर नुसती झुडपं मागे पडताना बघणं.

या हिशेबाला दुसरी बाजू फाटकांची. कॅम्पची फाटकं नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे साडेचारला उघडतात आणि संध्याकाळी साडेसहाला बंद होतात. मे ते जुलै सकाळी सहा ते संध्याकाळी साडेपाच. मधल्या महिन्यांत वेळ अर्ध्या-एका तासानं सरकते, म्हणून आरक्षण करताना त्या महिन्याचं वेळापत्रक उतरवून घ्या. उद्यानाची बाहेरची फाटकं नोव्हेंबर ते जानेवारीत साडेपाचला उघडतात, म्हणजे आत मुक्काम असणाऱ्याला बाहेरच्यापेक्षा एक तास जास्त मिळतो, आणि तोही दिवसातला सर्वांत चांगला. आत राहण्याचा खर्च इथेच वसूल होतो. फाटक बंद झाल्यावर पोहोचलात तर दंड होतो. उशीर भरून काढायला गाडी पळवली तर वेगाचा दंड वेगळा, कारण जंगलातही स्पीडगन घेऊन कर्मचारी उभे असतात. शेवटच्या अर्ध्या तासात सिंह दिसला की सगळं विसरायला होतं, म्हणून परतायची वेळ फोनवर गजर लावून ठरवा: कॅम्पपर्यंतचे किलोमीटर भागिले २५, अधिक अर्धा तास.

आरक्षण उद्यानं चालवणाऱ्या सॅनपार्क्स या सरकारी संस्थेकडे होतं आणि अकरा महिने आधी खुलं होतं. लोअर साबी, साटारा, स्कुकुझा हे कॅम्प आधी भरतात. डिसेंबर-जानेवारी, ईस्टर आणि जून-जुलैच्या शाळांच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. मुक्कामाच्या भाड्याशिवाय माणशी, दिवसागणिक संवर्धन शुल्क द्यावं लागतं, आणि परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो. जास्त दिवस राहणार असाल तर वाइल्ड कार्ड या वर्षभराच्या प्रवेश-पासाची किंमत त्या शुल्काशी ताडून बघा.

कधी जावं? जून ते सप्टेंबर कोरडा हंगाम. गवत बसलेलं, झाडं बोडकी, पाणी मोजक्या जागी उरलेलं. प्राणी पाहायला हेच महिने सोपे, फक्त पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा जाकीट आणि टोपी घ्या. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा: जंगल हिरवंगार, इम्पाला या हरणांची पिल्लं, पक्ष्यांची चंगळ, पण गवताआड सिंह दहा फुटांवर असला तरी दिसत नाही. जोराचा पाऊस झाला की नदीवरचे सखल पूल आणि मातीचे रस्ते बंद होतात. सकाळी रिसेप्शनवर विचारूनच निघा. मलेरियाचा धोका वर्षभर थोडा असतो, ऑक्टोबर ते मे जास्त. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या काही आठवडे आधी विचारा.

गाडी आणि कागद

जोहान्सबर्गच्या विमानतळावरून एन ४ महामार्गानं मलेलाने किंवा क्रोकोडाइल ब्रिज फाटकापर्यंत साधारण पाच तास लागतात, वाटेत टोलनाके आहेत. विमान सकाळी लवकर उतरत नसेल तर त्या दिवशी आत शिरायचा हट्ट धरू नका. फाटकापर्यंत पोहोचणं पुरेसं नाही, तिथून कॅम्पपर्यंतचा वेळही हातात हवा, नाहीतर फाटकावरच अडवतात. नंबी फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर २०२२ मध्ये पर्यटकांवर जीवघेणा हल्ला झाला होता. त्या बाजूनं यायचं असेल तर फाबेनी किंवा पॉल क्रुगर फाटक धरा.

गाडी निवडताना इंजिनापेक्षा उंची बघा. उंच सीटवरून गवतापलीकडचं दिसतं, हॅचबॅकमधून गवतच दिसतं. ऑटोमॅटिक घ्या, कारण एका हातात दुर्बीण असताना क्लच-गिअर त्रासाचं होतं. गाडी घेताना चार गोष्टी तपासा: स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, जॅक आणि पाना आहे का, विम्यात टायर आणि काच धरली आहे का, आणि मातीच्या रस्त्याबद्दल करारात काही अट आहे का. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, डेबिट कार्डावर बऱ्याचदा काम होत नाही. वाहन चालवण्याचा परवाना इंग्रजीत, फोटो आणि सहीसकट हवा. तसा नसेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. वाहतूक डाव्या बाजूनं आहे.

पेट्रोल मोठ्या कॅम्पांत मिळतं. अर्धी टाकी झाली की भरा. जंगलात गाडी तासन्‌तास कमी वेगात, एसी लावून चालते, त्यामुळे किलोमीटरच्या मानानं इंधन जास्त जातं. मोबाइलला कॅम्पच्या आसपास रेंज असते, मधल्या पट्ट्यात भरवसा नाही. कॅम्पच्या दुकानात मिळणारा छापील नकाशा घ्याच. त्यात रस्त्यांना एच आणि एस असे क्रमांक आहेत: एच मुख्य, एस आडवाटेचे. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक फाटकावरच विचारून त्या नकाशावर लिहून ठेवा.

रस्ते आणि नजर

नवख्यांनी दक्षिण आणि मध्य भाग धरावा. क्रोकोडाइल ब्रिजनं आत, लोअर साबीला दोन रात्री, साटाराला दोन रात्री, हा घाई नसलेला बेत आहे. क्रोकोडाइल ब्रिज ते लोअर साबी हा एच ४-२ रस्ता ३४ किलोमीटरचा. लोअर साबीहून स्कुकुझाकडे नदीकाठानं जाणारा एच ४-१ बिबट्यासाठी प्रसिद्ध आणि म्हणूनच गर्दीचा. इथे नदीकडच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या बघत जा, आणि आधी लोंबणारी शेपटी शोधा. साटाराच्या पूर्वेचा एस १०० सिंहांचा, एच १-३ च्या मोकळ्या गवतात चित्त्याची शक्यता. गेंडा कुठे दिसला ते मात्र कुणाला सांगू नका, कुठे काय दिसलं ते टाकायच्या ॲपवर तर मुळीच टाकू नका. शिकारी टोळ्याही ते वाचतात.

रिसेप्शनजवळच्या फलकावर काल-आज कुठे काय दिसलं त्याच्या रंगीत खुणा असतात. उपयोगाच्या आहेत, पण सकाळची खूण दुपारी शिळी होते. त्यापेक्षा जंगलाचं ऐका. इम्पाला फुत्कारल्यासारखा कॉल देऊन एकाच दिशेला टक लावून उभे असतील, जिराफ मान न हलवता एकीकडे बघत असेल, गिधाडं घिरट्या न घालता झाडावर बसून असतील, तर इंजिन बंद करून पंधरा मिनिटं द्या. पहिला तासभर डांबरी रस्त्यावरच राहा. डांबर रात्रभर ऊब धरतं म्हणून सिंह पहाटे रस्त्यावर पसरलेले असतात, आणि रानकुत्रीही चालायला रस्ताच वापरतात. ऊन चढल्यावर, दहा ते तीन, फिरत राहण्यात अर्थ नाही. पाणवठा गाठा. लोअर साबीजवळचं सनसेट डॅम अगदी रस्त्यालगत आहे, पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच दिसतात. स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिक या तळ्याला लाकडी लपणगृह, म्हणजे आडोशानं बसून प्राणी-पक्षी बघायची जागा, आहे. तिथे तास-दीड तास गप्प बसणाऱ्याला खंड्या आणि बगळे हाताच्या अंतरावर मिळतात.

फोटोसाठी तिपाई गाडीत निरुपयोगी. खिडकीच्या काठावर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवा आणि इंजिन बंद करा, नाहीतर ३००-४०० मिलिमीटरच्या लेन्सला कंपन पकडतं. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेशी, आणि माणशी एक हवी. एकाच दुर्बिणीवरून गाडीत होणारी भांडणं तरस-सिंहांच्या भांडणांपेक्षा जास्त वेळ चालतात.

हत्ती वाटेत असेल तेव्हा

स्वतः गाडी चालवणाऱ्याला खरा धोका सिंहापासून नाही, हत्तीपासून आहे. कळप दिसला की किमान ५० मीटरवर थांबा, पिल्लं असतील तर त्याहून लांब. इंजिन चालू ठेवा आणि मागे बघा. मागच्या गाड्या चिकटून उभ्या राहिल्या तर तुमची माघारच बंद होते. वळणावर किंवा अरुंद पुलाच्या तोंडाशी थांबू नका. कळप रस्ता ओलांडत असेल तर मधल्या फटीतून घुसायचं नाही. आई एका बाजूला आणि पिल्लू दुसऱ्या बाजूला असताना मध्ये येणारी गाडी हेच हल्ल्याचं नेहमीचं कारण. शेवटचा गेला असं वाटल्यावरही दोन मिनिटं थांबा, मागून रेंगाळणारा एखादा असतोच.

हत्ती आधी बजावतो. कान फाकवून समोर उभा राहणं, डोकं जोरात हलवणं, सोंडेनं माती उडवणं, धावत येऊन मध्येच थांबणं: हा इशारा आहे. हॉर्न वाजवू नका, दिवे मारू नका, गाडी झटक्यात काढू नका. रिव्हर्समध्ये चालण्याच्या वेगानं मागे या. कान मागे चिकटवलेले, डोकं खाली, सोंड आत वळवलेली असेल तर तो थांबणार नाही. तेव्हा मात्र जेवढं जोरात मागे जाता येईल तेवढं जा. एकटा मोठा नर दिसला तर गंडस्थळाकडे बघा. डोळा आणि कान यांच्यामध्ये ओला काळा ओघळ, मागच्या पायांवर मूत्राचे थेंब, डोकं उंच धरलेली चाल: तो माजावर आहे. तो रस्त्यानंच तुमच्याकडे येत असेल तर कितीही मागे जावं लागलं तरी जा, किंवा आडरस्ता मिळताच वळा. त्याच्या बाजूनं पुढे निघायचा प्रयत्न करू नका.

रस्त्यावरची लीद चाकाखाली घेऊ नका. पावसाळ्यात त्यावर शेणकिडे गोळे वळत असतात. हत्तींनी मोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्याही चुकवा. त्यांचे काटे टायर फोडतात.

पंक्चर झालंच तर लगेच उतरू नका. मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या जागेपर्यंत गाडी हळूहळू न्या, रिम गेली तरी चालेल. येणाऱ्या गाडीला थांबवा, ती शेजारी उभी करून चारही बाजूंनी नजर ठेवायला सांगा, मगच चाक बदला.

सिंहाजवळ गाड्यांची गर्दी झाली की आपली गाडी आडवी घालू नका आणि प्राणी ज्या बाजूला निघाला आहे ती वाट मोकळी ठेवा. खिडकीतून धड बाहेर काढणं, सनरूफमधून उभं राहणं, दार उघडणं, खायला घालणं, ड्रोन उडवणं, सगळ्यावर बंदी आहे. गाडीत बसलेला माणूस प्राण्याला वेगळा जाणवत नाही. बाहेर डोकावलेला जाणवतो. उतरायची परवानगी फक्त कॅम्प, सहलीच्या ठरलेल्या जागा, लपणगृहं आणि काही मोठ्या पुलांवर, तेही पिवळ्या रेषांच्या आत. स्वच्छतागृहंही कॅम्प आणि सहलीच्या जागांतच आहेत, म्हणून सकाळच्या चहाचं प्रमाण पुढच्या थांब्याच्या अंतरावरून ठरवा. त्शोक्वाने, न्कुहलू, आफसाल इथे खायलाही मिळतं. तिथली माकडं उघड्या खिडकीतून पिशवी उचलतात. कॅम्पातल्या फ्रिजलाही कडी लावा.

अंधारात स्वतः फिरता येत नाही. रात्रीचे प्राणी बघायचे तर कॅम्पची उघड्या ट्रकमधली रात्रसफारी आहे. बंदूकधारी रेंजरसोबतची पहाटेची पायी फेरीही आहे, बारा वर्षांखालच्यांना नेत नाहीत. दोन्ही आधी नोंदवा.

निघायच्या दिवशी खोली दहापर्यंत सोडायची असते. फाटकावर मिळालेला प्रवेशाचा कागद शेवटपर्यंत जपून ठेवा, बाहेर पडताना मागतात, आणि डिकीही उघडून बघतात. जोहान्सबर्गला परतायचं असेल तर फाटकातून बाराच्या आत बाहेर पडा, म्हणजे एन ४ वर ट्रकच्या रांगांत अंधार होत नाही.