बंद झालेलं गिटार मॉडेल घ्यावं का?

पुण्यात वाद्यांच्या दुकानात 'हे मॉडेल आता बंद झालं' असं ऐकलं की लगेच पाठ फिरवू नका. यामाहाने २०१६च्या सुमारास एफजी७००एस थांबवून एफजी८०० आणली. जुनी गिटार वाईट नव्हती, नवीत आतल्या आधारपट्ट्यांची रचना बदलली. लाकडाचाही प्रश्न असतो. २०१७ मध्ये शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्यांनी फिंगरबोर्डसाठी, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीसाठी, दुसरं लाकूड धरलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

तुलना करताना नावापेक्षा लाकूड पाहा. वरची फळी अखंड आहे की प्लायची? मधल्या गोल छिद्राची कड नीट न्याहाळा: वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरल्या तर फळी अखंड, थर दिसले तर प्लाय. अखंड फळीचा आवाज वर्षानुवर्षं खुलत जातो असं मी मानतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात ती जपावी लागते. मग स्केल, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी: यामाहाच्याच एफ३१० ची ६३४ मिमी, एफजी८०० ची ६५० मिमी. लहान हातांना पहिली सोपी जाते.

तारा, खुंट्या सहसा कुठेही मिळतात, त्यामुळे सुट्या भागांची फार चिंता नको. गिटारची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सरळ आहे ना, एवढं मात्र दुकानातच तपासा.