धुळवडीच्या कोंबडीची तयारी आत्तापासून

दिवाळी झाली, मका खळ्यावर आला आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडं पहाटे घोंगडं लागू लागलं. धुळवडीला आणि त्यानंतरच्या गावजत्रांना कोंबड्या तयार हव्या असतील तर पिल्लं आणायची हीच वेळ. आत्ता आणलेलं पिल्लू फाल्गुनात चौदा-पंधरा आठवड्यांचं होतं. मार्गशीर्षात गिऱ्हाईक कमी असतं, पण तोवर आपली पिल्लं लहानच असतात.

पहिला प्रश्न जातीचा. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो आणि लवकर शिजतो, पण रश्श्याला म्हणावी तशी चव येत नाही. कोवळ्या पक्ष्याच्या मांसातले चिवट धागे पक्के झालेले नसतात, म्हणून ते मऊ लागतं. जवारी म्हणजे गावठी कोंबडी किलोभर व्हायला चार-पाच महिने घेते. वय वाढेल तसं मांस घट्ट होतं आणि चवही भरते, म्हणून तिला जादा दर मिळतो. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे बेंगळूरच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराजा ही जात. नीट खाद्य मिळालं तर ती दोन महिन्यांत किलोच्या पुढं जाते, रंगीत पिसांमुळं बाजारात उठावही असतो. जत्रेसाठी माझी पसंती हिलाच. कडकनाथचं मांस कमी चरबीचं, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाच महिन्यांनंतरही तो दीड किलोच्या आतबाहेर राहतो. गिऱ्हाईक आधी पक्कं केल्याशिवाय त्याची शंभर पिल्लं आणून बसू नका.

आता नर-मादीचं. गेल्या वर्षी एकाच खुराड्यातला कोंबडा आणि तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी), दोन्ही साधारण सारख्याच वजनाची, मी शेजारी शेजारी फळीवर कापून बघितली. कोंबड्याच्या मांड्या लांब, गडद लाल आणि पोट जवळजवळ स्वच्छ. तलंगीच्या पोटात मात्र पाथरीभोवती (दाणे दळणाऱ्या पिशवीभोवती) पिवळ्याधमक चरबीची गादी, ओंजळ भरेल एवढी. दोघांनाही शेवटचा महिनाभर नुसता मक्याचा भरडा घातला होता. वजन काट्यावर दिसलं, पण तलंगीचं बरंचसं वजन गिऱ्हाइकानं काढून टाकायच्या चरबीचं होतं.

आपल्याकडं ही चूक घरोघरी होते. जत्रा जवळ आली की कोंबडी 'भरावी' म्हणून मका वाढवतात आणि पेंड तोडतात. मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के. ताकद भरपूर आणि प्रथिनं अपुरी असं खाद्य पडलं की पक्षी उरलेल्या ताकदीची चरबी करून ठेवतो, आणि मादी ती नरापेक्षा जास्त साठवते. मांस भरायचं तर प्रथिनं लागतात, मुख्यतः त्यातला लायसिन हा घटक, आणि तो मक्यात फार कमी असतो.

म्हणून पहिले सहा आठवडे २० टक्के प्रथिनांचं तयार खाद्यच घाला, तिथं काटकसर नको. सातव्या आठवड्यापासून घरचं मिश्रण चालतं. ७३ किलो मक्याचा भरडा, २४ किलो सोयापेंड आणि उरलेल्या ३ किलोत खनिज मिश्रण, चुनखडी आणि थोडं मीठ. सोयापेंडीत साधारण ४५ टक्के प्रथिनं धरली तर हे मिश्रण साडेसतरा टक्क्यांच्या आसपास बसतं. मेथिओनिन हा प्रथिनांतला दुसरा घटक शंभर किलोला १०० ग्रॅम मिसळा, कारण सोयाबीनमध्ये तो कमी पडतो. शेवटच्या महिन्यात मका ७८ आणि पेंड १९ करा. त्याखाली उतरू नका.

सोयाबीन घरचंच आहे म्हणून कच्चं भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचं पचन अडवतो आणि वाढ खुंटते. पेंडच वापरा, नाहीतर दाणे नीट भाजून घ्या. ओलसर मका आणि बुरशीची शेंगपेंड तर विषच. मका दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा.

जास्त प्रथिनं म्हणजे जास्त मांस, हाही गैरसमज आहे. गरजेपेक्षा जादा प्रथिनं विष्ठेतून बाहेर पडतात, खाली पसरलेला तूस ओला होतो आणि थंडीत पडदे बंद असले की अमोनियानं डोळे चुरचुरतात. पडदे खालून घट्ट बांधा आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

सात-आठ आठवड्यांत तुरा आणि गलोली (चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या) बघून नर-माद्या ओळखता येतात, तेव्हाच त्या वेगळ्या करा. अंड्यांसाठी ठेवायच्या तेवढ्या तलंगा बाजूला काढा, बाकीच्या बाराव्या-तेराव्या आठवड्यात, चरबी धरायच्या आत विका. नर पंधरा आठवड्यांपर्यंत थांबले तर मांसाला गोडी येते. पण आरवायला लागून, माद्यांमागं पळून दोन-तीन महिने झालेल्या कोंबड्याचं मांस चिवट होतं. तो चुलीवर मंद आचेवर शिजवणाऱ्या घरालाच द्या, आणि वय खरं सांगून द्या.

पिल्लांना आठवड्याच्या आत मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस आणि आठ आठवड्यांनी पुढची, हे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा.

कापायच्या आधी ८ ते १० तास खाद्य बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. पक्षी पहाटे अंधारातच पकडा, अंगणभर पळवू नका. घाबरून दमलेल्या पक्ष्याचं मांस बिघडतं. कापल्यावर लगेच चुलीवर चढवायचं नसेल तर स्वच्छ धुऊन चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवा, तोवर आखडलेलं मांस सैल पडतं.