नोंदवहीसाठी कागद कसे जमवायचे

माझ्या पोरीच्या आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत जातं. जॉन अबरनेथी या इंग्रज शल्यविशारदानं १७९३ मध्येच असा दोष लिहून ठेवला, पण रुग्ण जगभर विखुरलेले, म्हणून सगळ्यांची माहिती एकत्र ठेवणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही.

नोंद डॉक्टर करतात, कागद आपण पुरवायचे. सीटी स्कॅनची सीडीच मागा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. आमची सीडी कापसाच्या काटापट्ट्यांच्या (वजनाच्या पावत्यांच्या) पिशवीत राहिली, चरे पडले. यवतमाळहून नागपूरला पुन्हा खेटा, एसटीत पोर झोपलेली.

रक्तातल्या अमोनियाचा आकडा तारखेसकट लिहा. हृदयाचा इको जोडा, कारण फुप्फुसातला दाब वाढू शकतो. संमतीपत्र मराठीत समजावून घ्या, मगच सही. नाव-गाव झाकून फक्त क्रमांक जातो ना, तेवढं विचाराच. वळसा घालणारी ती शीर उपचारात बंद केल्यावरही पुढच्या तपासण्यांचे कागद डॉक्टरांकडे देत राहा.