पामच्या मिलमधला उरलेला माल: आधी पाणी मोजा, मग ट्रक ठरवा

पाम तेलाच्या मिलमधून उरणाऱ्या मालाचं नियोजन बहुतेक जण मशिनरीच्या कोटेशनपासून सुरू करतात. सुरुवात वजनकाट्यापासून करावी. मलेशियाच्या जोहोर किंवा सबा भागातली ताशी ४५ टन पामफळांचे घड गाळणारी मिल घ्या. भर हंगामात ती २० तास चालली, तर दिवसाला ९०० टन ताजे घड आत येतात आणि साधारण एवढा माल मागे उरतो:

- फळं झडलेले रिकामे घड: २२ टक्के, म्हणजे १९८ टन
- गराचा चोथा: १३ टक्के, म्हणजे ११७ टन
- बियांची करवंटी (इंडोनेशियातले व्यापारी तिला ‘चांगकांग’ म्हणतात): ६ टक्के, म्हणजे ५४ टन
- सांडपाणी: टनामागे ०.६५ घनमीटर, म्हणजे ५८५ घनमीटर

झाडांच्या जातीनुसार आणि वयानुसार हे आकडे हलतात. म्हणून भर हंगामात पंधरा दिवस आणि मंदीत पंधरा दिवस प्रत्यक्ष वजन करा. मलेशियात सप्टेंबर-ऑक्टोबरला जी आवक असते, ती फेब्रुवारीच्या सुमारास निम्म्यावर येऊ शकते. वर्षाची सरासरी काढून बांधलेला प्रकल्प चार महिने तुंबतो आणि चार महिने उपाशी राहतो.

मिल स्वतः काय जाळते?

कागदावर दिसणारा सगळा माल विकायला मोकळा नसतो. घड शिजवायला आणि टर्बाइन फिरवायला टनामागे सुमारे अर्धा टन वाफ लागते. चोथा जवळजवळ सगळा बॉयलरमध्येच जातो, कमी पडेल तिथे करवंटी घालतात. वरच्या मिलमध्ये ५४ टनांपैकी फार तर निम्मी करवंटी शिल्लक राहील, बॉयलर जुना असेल तर त्याहून कमी. ग्राहकाला ५४ टनांचा शब्द देऊन बसलात, तर पहिल्याच महिन्यात मिलच्या इंजिनिअरशी भांडण ठरलेलं. खऱ्या अर्थाने मोकळे असतात ते रिकामे घड, आणि त्यांचीच वाहतूक सगळ्यात अवघड.

घडातलं पाणी

साखर कारखान्यात काम केलेल्यांची इथे फसगत होते. उसाच्या बगॅसमध्ये पाणी ५० टक्क्यांच्या आसपास असतं, ते थेट बॉयलरमध्ये जळतं. पामच्या रिकाम्या घडात पाणी ६५ टक्के. म्हणजे १९८ टनांत सुका माल फक्त ६९ टन. बाकी १२९ टन पाणी तुम्ही डिझेल जाळून फिरवता.

किती लांबवर नेणं परवडेल, याचा हिशोब साधा आहे. सुक्या टनाच्या भावाला सुक्या भागाने गुणा, त्यातून चढ-उताराचा आणि प्रक्रियेचा खर्च वजा करा, उरलेल्या रकमेला टन-किलोमीटरच्या दराने भागा. समजा, सुक्या टनाला ६० रिंगिट मिळतात, चढ-उताराला टनामागे १० रिंगिट लागतात आणि परतीच्या फेरीसकट वाहतूक टन-किलोमीटरला ०.४० रिंगिट पडते. ओला घड: ६० × ०.३५ = २१, त्यातून १० गेले, उरले ११. म्हणजे साडेसत्तावीस किलोमीटर. आता श्रेडर (घड फाडणारं यंत्र) आणि स्क्रू प्रेस (दाबून पिळणारं यंत्र) यांतून काढून पाणी ५० टक्क्यांवर आणलं, तर ६० × ०.५० = ३०; त्यातून १० आणि प्रेसचे समजा ६ वजा केले की १४ उरतात, म्हणजे ३५ किलोमीटर. आकडे मानलेले आहेत, तुमचे घाला. पण प्रेस बसवली की कुठेही माल पाठवता येईल, हा भ्रम एवढ्यानेच जातो.

प्रेसची खरी कमाई बऱ्याचदा तेलात असते. रिकाम्या घडाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का तेल त्यात अडकलेलं असतं. घड गरम असतानाच दाबा. रात्रभर पडून राहिला की आम्लता चढते. हे तेल मुख्य टाकीत ओतू नका. त्यात क्लोराइड आणि लोह जास्त असतं, रिफायनरीत त्यातून नको ती संयुगं तयार होतात आणि चांगल्या तेलाचाही भाव पडतो. वेगळी टाकी ठेवा, औद्योगिक वापरासाठी विका.

श्रेडरचे दात वाळूमुळे झिजतात. लोखंडाचे तुकडे पकडायला आधी चुंबक लावा, दातांचा आणि प्रेसच्या स्क्रूचा एक जादा संच मिलमध्येच ठेवा. सबाच्या आतल्या भागात सुटा भाग यायला आठवडा गेला, तर तेवढ्यात हजार टनांहून जास्त घड अंगणात साचतात.

कुठला माल कुठे

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे घड मळ्यात परत नेणं. ताजे घड घेऊन आलेला ट्रक नाहीतरी रिकामा परततो. त्यातच भरून द्या. एका टन ओल्या घडात सुमारे १९ किलो म्युरिएट ऑफ पोटॅश या खताइतकं पालाश असतं. मोठ्या झाडांच्या मळ्यात हेक्टरी ४० टनांपर्यंत पसरतात, पण एकाच थरात. ढीग केला की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. कोकणात नारळाचे शेंडे पोखरणारा तोच हा भुंगा. शेणखताच्या खड्ड्याबद्दल तिथे जी काळजी घेतात, तीच इथे घ्यायची.

मळे लांब असतील, तर कंपोस्ट करा. श्रेडरमधून काढलेल्या घडाच्या लांबट राशी लावा, त्यावर मिलचं सांडपाणी टप्प्याटप्प्याने शिंपडा. टनाला एकूण सुमारे ३ घनमीटर पाणी मुरतं. ओल ५५ ते ६५ टक्के ठेवा, तापमान ६० अंशांच्या वर गेलं पाहिजे, आणि राशी नियमित पलटा. दोन ते अडीच महिन्यांत खत तयार होतं. राशीला आंबूस वास आला, तर पाणी जास्त झालंय. पलटा आणि शिंपणं थांबवा. वर छप्पर हवंच, नाहीतर पाऊस पालाश धुऊन नेतो.

गंमत म्हणजे जळणासाठी हाच पाऊस फायद्याचा. घडाच्या राखेत पालाश भरपूर असल्याने ती कमी तापमानाला वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटते. सोबतचं क्लोरीन नळ्या खातं. म्हणून ‘खत की जळण’ हे ठरल्याशिवाय अंगणाचा नकाशा काढू नका.

गाद्यांसाठी लांब तंतू काढायचा असेल, तर ओल १५ टक्क्यांखाली आणून गासड्या बांधाव्या लागतात. सुका तंतू पटकन पेट घेतो. गासड्या ड्रायरपासून लांब आणि थंड झाल्यावरच रचा. करवंटीचाही मोठा ढीग आतून तापतो. तिची निर्यात जपानच्या वीज प्रकल्पांकडे होते. तिथला ग्राहक माती, दगड आणि लोखंड चालवून घेत नाही, आणि माल कुठल्या मिलचा याचे कागद मागतो. काँक्रीटचं अंगण आणि फिरती चाळणी एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात.

सांडपाण्याची दुसरी बाजू

५८५ घनमीटर सांडपाण्यातून, घनमीटरला २८ या हिशोबाने, दिवसाला सुमारे १६,००० घनमीटर बायोगॅस निघतो. त्यावर दीड मेगावॉटचं इंजिन चालतं. पण ग्रिड जवळ नसेल, तर वीज विकणार कुणाला? अशा वेळी गॅस मिलच्याच बॉयलरला द्या. तेवढी करवंटी वाचते, आणि करवंटी वाळलेली, वजनदार, लांबवर नेता येणारी आहे. गॅस विकायचा तो असा, करवंटीच्या रूपात. सांडपाणी मिलमधून ८० अंशांवर येतं. गॅस तयार होतो त्या झाकलेल्या तळ्यात सोडण्याआधी ४० च्या खाली आणा, नाहीतर जिवाणू मरतात. इंजिन लावलंच, तर हायड्रोजन सल्फाइड काढणारा स्क्रबर हवा.

करारात काय लिहायचं

भाव सुक्या टनावर ठरवा. प्रत्येक ट्रकमधून पाच ठिकाणचे नमुने, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत, आणि निकाल दोघांनाही. ओल्या टनावर भाव असेल, तर पावसाळ्यात पुरवठादाराला ताडपत्री टाकायचं कारणच उरत नाही. महिन्यागणिक किमान आणि कमाल प्रमाण लिहा, मिलच्या वार्षिक दुरुस्तीचे दिवसही लिहा. कारखान्याची क्षमता एका मिलच्या मंदीच्या आकड्यावर बेता. त्यावरचा हंगामी माल मळ्यात पसरायला ठेवा.

हाच आराखडा आंध्रात गोदावरीच्या पट्ट्यात लावणार असाल, तर एक फरक आहे: तिथे घडांची मोठी आवक पावसाळ्यातच होते. उन्हात वाळवण्याचं गणित तिथे बसत नाही, प्रेस किंवा कंपोस्टचं छप्पर आधी उभं करावं लागतं.