‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’? परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या टॉवेल कारखान्यांतून रोज इंग्रजी मेल जातात. ते लिहिणारी बहुतेक मुलंमुली मराठी, तेलुगू किंवा कन्नड माध्यमात शिकलेली. त्यांचं व्याकरण लोक समजतात तितकं कच्चं नसतं, आणि स्पेलिंग कॉम्प्युटर सुधारून देतो. तरीही पलीकडचा ग्राहक भलताच अर्थ काढतो, कारण शब्द अचूक लिहिलेला असतो, पण तो हव्या त्या शब्दाचा शेजारी असतो. अशी चूक कॉम्प्युटर लाल रेघ मारून दाखवत नाही.

चुका होतात कुठे, हे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. सारख्या उच्चाराच्या शब्दांत गफलत होतेच, पण नुकसान करणारी गफलत होते ती मराठीत एका शब्दावर भागतं आणि इंग्रजीला दोन लागतात तिथे. म्हणून शब्दाचा मराठी अर्थ पाठ करून पुरत नाही. मराठी वाक्य थोडं फिरवून बघायचं आणि मग शब्द निवडायचा.

सगळ्यात धोक्याची जोडी: डाउट आणि सस्पेक्ट

‘संशय’ म्हटलं की हाताला पहिला ‘डाउट’ लागतो. समजा, न्हावा शेवा बंदरात खोकी भिजली असावीत असा तुम्हाला संशय आहे. तुम्ही लिहिता, ‘वी डाउट दॅट द कार्टन्स गॉट वेट अ‍ॅट द पोर्ट’. ग्राहक वाचतो, ‘खोकी बंदरात भिजली असं आम्हाला वाटत नाही’. म्हणजे नेमकं उलटं! तुम्ही बंदराकडे बोट दाखवत होता आणि कागदावर बंदराला मोकळं सोडून दिलंत. पुढे भरपाईचा वाद निघाला तर हेच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल.

‘डाउट’ म्हणजे एखादी गोष्ट खरी नसावी असं वाटणं. ‘सस्पेक्ट’ म्हणजे ती खरी असावी असं वाटणं. मराठीतला संशय दोन्हीकडे झुकतो, म्हणून आधी मराठी वाक्यातून ‘संशय’ काढून टाका. त्या जागी ‘वाटत नाही’ बसलं तर ‘डाउट’, ‘असावं असं वाटतं’ बसलं तर ‘सस्पेक्ट’. ही कसोटी मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी देते, कारण इथे चूक झाली की अर्थ थेट उलटा होतो.

‘डाउट’ची आणखी एक खोड आहे. वर्गात हात वर करून ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते. आपल्यात त्याचा अर्थ ‘एक विचारायचं आहे’ एवढाच होतो आणि देशात कुणाला त्यात खटकत नाही. पण परदेशी ग्राहकाला ‘वी हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट’ असं लिहिलं, तर त्याला ते ‘तुम्ही पैसे द्याल असा आम्हाला भरवसा नाही’ असं ऐकू येतं. तुम्हाला फक्त बँकेची तारीख विचारायची असते! अशा वेळी ‘क्वेश्चन’ किंवा ‘क्वेरी’ लिहा.

‘पर्यंत’चे दोन वाटे: बाय आणि अंटिल

‘शुक्रवारपर्यंत माल पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ या दोन्ही वाक्यांत आपलं ‘पर्यंत’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. काम त्या मुदतीआधी एकदा उरकायचं असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर ‘अंटिल’.

इथेही कसोटी मराठीतच आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत माल पाठवा’ छान चालतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत ऑफिस बंद आहे’ चालत नाही, म्हणून ‘अंटिल’.

चूक झाली तर काय होतं? समजा संक्रांतीच्या गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, कारखान्याला सुट्टी आहे आणि तुम्ही ‘द फॅक्टरी विल बी क्लोज्ड बाय १६ जानेवारी’ असं कळवलंत. वाचणाऱ्याला वाटेल, १६ तारखेच्या आत हा कारखाना बंद पडणार. त्याची ऑर्डर अर्धी राहिलेली असेल तर त्याचा जीव टांगणीला लागेल. तिथे ‘अंटिल’ हवा होता.

मुदतीचाच विषय आहे तर ‘इन’ आणि ‘विदिन’ही बघून घ्या. ‘इन अ वीक’ म्हणजे साधारण आठवडा सरल्यावर, ‘विदिन अ वीक’ म्हणजे आठवडा संपायच्या आत. आणि आपण ‘आठ दिवसांत देतो’, ‘पंधरा दिवसांनी बघू’ असं बोलतो तेव्हा मनात एक आठवडा किंवा दोन आठवडे असतात. ते जसेच्या तसे ‘एट डेज’, ‘फिफ्टीन डेज’ लिहू नका. समोरचा खरोखर आठ आणि पंधरा मोजतो. सरळ तारीख घालावी, हे उत्तम.

खात्री, हमी आणि विमा

‘एन्शुअर’, ‘इन्शुअर’, ‘अ‍ॅशुअर’. ‘आम्ही दर्जाची खात्री करू’ यासाठी ‘एन्शुअर’. समोरच्या माणसाला शब्द द्यायचा असेल, त्याला निर्धास्त करायचं असेल तर ‘अ‍ॅशुअर’, आणि त्याच्यापुढे माणूस लागतोच: ‘वी अ‍ॅशुअर यू’. ‘इन्शुअर’ विम्यासाठी राखून ठेवा. अमेरिकेत काही जण खात्रीसाठीही ‘इन्शुअर’ लिहितात, पण निर्यातीच्या पत्रात तो मोह नको. सौदा सीआयएफ अटीवर, म्हणजे किमतीत विमा आणि जहाजाचं भाडं धरून असेल तर मालाचा विमा विकणाऱ्याने काढायचा असतो. एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरता सौदा असेल तर माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची, आणि विमा काढायचा की नाही हे तोच बघतो. अशा एफओबी सौद्यात ‘वी विल इन्शुअर द गुड्स’ लिहून गेलं, तर तुमच्या अंगावर नसलेला खर्च तुम्ही स्वतःच कबूल केल्यासारखा दिसतो.

आपल्याच मालाचं नाव

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. एवढ्या नावाजलेल्या मालाचं इंग्रजी वर्णन तरी चोख हवं. चादर अंथरायचीही असते आणि पांघरायचीही. डिक्शनरीत ‘चादर’ला ‘शीट’ सापडतो आणि कॅटलॉगमध्ये ‘बेडशीट’ छापलं जातं. परदेशी ग्राहक बेडशीट म्हणजे गादीवर घालायचं पातळ, सपाट कापड समजतो. आपली जाड, जॅकार्ड विणीची सुती चादर त्याच्या लेखी ‘ब्लँकेट’ किंवा ‘बेडस्प्रेड’. बेडशीट मागवणाऱ्याला ही चादर मिळाली तर तो माल परत करील, आणि चादर हवी असलेला ‘बेडशीट’ वाचून पुढे निघून जाईल.

‘नॅपकिन’चंही तेच. आपण हात पुसायच्या छोट्या टॉवेलला नॅपकिन म्हणतो, तिकडे ते जेवणाच्या टेबलावरचं. हात पुसायचा तो ‘हँड टॉवेल’. कापडाला ‘क्लॉथ’, अंगावरच्या कपड्यांना ‘क्लोद्ज’. ‘क्लॉथ्स’ लिहिलंत तर फडकी विकता असं वाटेल.

कंपनीची ओळख करून देताना ‘सोलापूर इज अ हिस्टॉरिकल सिटी’ हे वाक्य हमखास येतं. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी, भूतकाळाशी संबंधित: जुना दस्तऐवज, इतिहासावरची कादंबरी. ज्याने इतिहास घडवला ते ‘हिस्टॉरिक’. मे १९३० मध्ये या शहरावर ब्रिटिशांनी मार्शल लॉ लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. त्या घटना ‘हिस्टॉरिक’, आणि हे शहरही ‘हिस्टॉरिक’च. त्या खटल्याचे कागद मात्र ‘हिस्टॉरिकल’.

ऐकायला सारखे, लिहायला वेगळे

हे तुलनेने सोपे आहेत. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘पीएएल’ असेल तर कर्जाची मुद्दल किंवा कॉलेजचे प्राचार्य, ‘पीएलई’ असेल तर तत्त्व. ‘स्टेशनरी’त ‘आरवाय’च्या आधी ‘ई’ असेल तर कागद-पेन, ‘ए’ असेल तर एका जागी थांबलेलं. दुकानांच्या पाट्यांवर हा ‘ए’ सर्रास दिसतो. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे कमी खर्चात भागणारं, त्यामुळे किफायतशीर पॅकिंगला दुसरा शब्द.

‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये ‘सी’ असेल तर ते नाम, ‘एस’ असेल तर क्रियापद, आणि क्रियापदाच्या शेवटी उच्चार ‘झ’सारखा. माल चढवल्यावर पाठवायची सूचना ‘शिपिंग अ‍ॅडव्हाइस’, म्हणजे ‘सी’. पत्राच्या शेवटी उत्तर मागणारं ‘प्लीज अ‍ॅडव्हाइझ’, तिथे ‘एस’.