मुलांसाठी वर्गणी काढताय? या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी आले की आमच्या देवगडकडे एखाद्या संध्याकाळी आरती संपते, प्रसाद वाटून होतो आणि कोणीतरी उठतं, "यंदा दिव्यांग मुलांसाठी कायतरी करूया." हेतूबद्दल शंका नाही. घोळ त्या 'कायतरी'त असतो. बरीच वर्षं पावतीपुस्तकं सांभाळून झाली, त्याच त्या चुका बघून आता वैताग येतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाला भेटायच्या आधी वस्तू ठरवणं. एका वर्षी आमच्याच वाडीने वर्गणी काढून आठ व्हीलचेअर घेतल्या. दुकानदाराने घाऊक भावात दिल्या म्हणून सगळे खूश, मीसुद्धा. आठही एकाच मापाच्या, मोठ्या माणसाच्या, अठरा इंची बैठकीच्या. त्यातली एक सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला दिली. फोटो काढले, नारळ फोडला. महिनाभराने सहज डोकावलो तर खुर्ची पडवीत आणि तिच्यावर सोलं वाळत घातलेली. पोर आत चटईवर. खुर्चीत बसवलं की ती एका कुशीला कलायची, मान मागे जायची, पाय लोंबकळायचे. त्यात घर रस्त्यापासून जांभ्याच्या तीसेक पायऱ्या खाली. आई म्हणाली, "भाऊ, घाटी चढताना चेडवाक उचलू की खुर्चेक?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने खुर्चीची पुढची चाकं गंजून धरली ती धरलीच.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला आहे. आधी घरी जायचं, आईशी बोलायचं, घाटीच्या पायऱ्या मोजायच्या. फिजिओथेरपिस्टकडून मुलाचं माप घ्यायचं: बसल्यावर कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतचं अंतर, मानेला आधार हवा की नको. त्यानंतर पैशांचा विषय. पुष्कळदा खुर्ची विकत घ्यावीच लागत नाही. केंद्राच्या एडिप योजनेत, अलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून पात्र मुलांना साधनं मिळतात. अडतं ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर. मग वर्गणीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचं गाडीभाडं आणि आईची बुडालेली रोजी द्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याचा अर्ज भरून द्या. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून कोणाला सुचत नाही.

दुसरी चूक घाईची. "काका, ग्रुपवर क्यूआर टाकला की झालं!" हे मला दरवर्षी नवा मुलगा सांगतो. क्यूआर कोणाचा? त्याच्या स्वतःच्या खात्याचा. त्याच खात्यातून त्याचा गाडीचा हप्ता जातो. उद्या कोणी हिशेब मागितला तर प्रामाणिक पोरगासुद्धा चोर ठरतो. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढा, किंवा पैसे सरळ एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. परदेशी नागरिक असलेल्या पाहुण्याने पाठवलेल्या पैशांना तर हातच लावू नका, त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, वेगळी नोंदणी लागते.

"कर वाचेल" असं सांगत सुटू नका. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारी मान्यता, असेल तरच वजावट, तीही २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीतल्या माणसाला अजिबातच नाही. मुंबईकराला चुकीचं सांगितलंत तर पुढच्या वर्षी तो आरतीला येईल, पण खिशात हात घालणार नाही. माझी पद्धत जुनी आहे. कार्बनची पावती, पैसे मोजायला दोघं, आणि अनंत चतुर्दशीच्या आत हिशेब देवळाच्या फळ्यावर. वडे-चहाचा खर्चसुद्धा.

मुलांना स्टेजवर उभं करून रडवू नका. माझं यावर कोणाशीच पटत नाही. म्हणे, "लोकांना दिसल्याशिवाय देत नाहीत." द्यायचं तर तसंही देतात. बालगृहातली मुलं असतील तर त्यांची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. बाकीच्यांचा फोटोही आईबापाला विचारून, आणि ते नाही म्हणाले तर नाही.

मदतनिधीसाठी दशावतार ठेवणार असाल तर मंडप, साउंड आणि जनरेटरचा खर्च भागवणारा माणूस आधी शोधा. नाहीतर रात्रभर नाटक बघून सकाळी हातात राहतात ती फुलांची देठं.

जून-जुलैत वर्गणीला फिरू नका. मासेमारी बंद, आंब्याचे पैसे शेताला लागलेले.

जुने कपडे गोळा करू नका.

आणि खुर्ची दिलीतच तर वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, चाकांना ग्रीस लावायला कोण जाणार ते त्याच बैठकीत ठरवा. खाली घर असेल तर ती वर रस्त्यालगतच्या शेजाऱ्याच्या पडवीत ठेवावी लागेल. त्याला आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.